लागलेला मार, ठरलेला निकाल

शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावची यात्रा. दुपार उतरणीला लागलेली, आखाड्याभोवती माणसांचं कडं, त्यामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभी असलेली पोरं, आणि त्याही मागे धाब्यांच्या गच्च्यांवर बायका. पुरुषांच्या सात-आठ कुस्त्या झाल्यावर बाहेरगावाहून बोलावलेल्या दोन मुलींची जोड लागली. वय सतरा-अठरा. सलामी झाली, खडाखडी झाली, आणि पहिल्या दोन मिनिटांतच एकीचा ओठ फुटला. तिने मनगटाने रक्त पुसलं, मूठभर माती तळहातावर चोळली आणि पुन्हा भिडली. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ वाकून मला म्हणाले, "गुरुजी, हाई खरी शे का खोटी?"

त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. ते खरंच विचारत होते. पण त्या आधीच्या पुरुषांच्या कुस्त्यांपैकी दोन सरळसरळ बरोबरीत सोडवायच्या ठरवलेल्या होत्या, इनाम अर्धं-अर्धं वाटून घेतलं गेलं होतं, आणि हे आखाड्याभोवतीच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तेव्हा कोणी कोणाला असं विचारलं नाही. ठरवून केलेल्या लढतीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' असा नेमका शब्द आहे; राजकारणाच्या बातम्यांत तर तो रोज भेटतो. नुरा ही पुरुषांच्या आखाड्यातली जुनी, जवळजवळ मान्य झालेली गोष्ट. बाईच्या कुस्तीवर मात्र हा संशय ओठ फुटल्यानंतरही टिकून राहतो. तो प्रश्न मनात घेऊन मी घरी आलो, आणि त्याचा माग काढत दोन ठिकाणी पोचलो. एक आपल्याच मुलखातलं, विसरलेलं. दुसरं थेट जपानमधलं.

आधी आपल्या मुलखातलं.

१९५४ साली नंदुरबार हा जिल्हा नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा आपण पश्चिम खानदेशात होतो, आणि पश्चिम खानदेश व बडोदं एकाच मुंबई राज्यात होते. त्या वर्षी फेब्रुवारीत हमीदा बानू नावाच्या पैलवान बाईंनी जाहीर आव्हान दिलं : जो मला कुस्तीत हरवेल, त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर एक पतियाळाचा आणि एक कलकत्त्याचा असे दोन मल्ल त्यांनी पाडले आणि मे महिन्यात त्या बडोद्याला आल्या. तिथे ज्याच्याशी त्या लढणार होत्या तो मल्ल ऐनवेळी मागे हटला. बाईशी लढणार नाही म्हणाला. मग बाबा पहिलवान उभा राहिला. कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. बाबा पहिलवानाने त्यानंतर व्यावसायिक कुस्ती सोडल्याचं जाहीर केलं.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या, 'अलीगढची अमेझॉन' म्हणून गाजलेल्या. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. त्यांच्याबद्दल जे छापून आलं त्यात डावांपेक्षा आहाराचे तपशील जास्त मिळतात : दूध किती लिटर, मटण किती, अंडी किती, बिर्याणीच्या ताटल्या किती. कुठल्या मल्लाला त्यांनी कुठल्या डावावर घेतलं, लपेट मारली की ढाक, हे मला फारसं कुठे सापडलं नाही. बाईच्या ताकदीचं नवल वाटतं, पण तिच्या कसबाची नोंद करावीशी वाटत नाही. आपल्या क्रीडालेखनाची ही जुनी खोड आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

महाराष्ट्रात त्यांचं काय झालं, ते मात्र नोंदलेलं आहे. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती कुस्तीच्या नियामक संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. कोल्हापुरात, म्हणजे कुस्तीच्या पंढरीत, त्यांनी एका पंजाबी मल्लाला हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही कुस्ती नव्हे, फार्स आहे, असं लोकांचं म्हणणं होतं. पुढे मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, की बंदी तुम्ही स्त्री आहात म्हणून नाही; तुमच्यासमोर लुटुपुटीचे मल्ल उभे केले जातात, अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

हे उत्तर मी कितीतरी वेळा मनात घोळवलं. वरवर ते समंजस आहे. एखादा आयोजक बनावट जोड लावत असेलही. त्या धंद्यात ते अशक्य नव्हतं. पण पेच पाहा. बाई हरली असती, तर प्रश्नच नव्हता. बाईच ती, हरणारच. ती जिंकली, म्हणजे समोरचा मुद्दाम पडला. तिच्या कुस्तीचा खरेपणा सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तिने हरणं. आणि समोरचा खरा मल्ल असेल, तर तो बडोद्यातल्यासारखा लढायलाच येत नाही.

हे सगळं ज्या वर्षी चाललं होतं त्याच वर्षी जपानमध्ये काय घडत होतं, ते पाहिल्यावर मी थबकलो. १९५४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे हमीदा बानूंच्या आव्हानाच्याच महिन्यात, रिकिदोझान या मल्लाच्या अमेरिकी शार्प बंधूंशी झालेल्या लढती दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. रस्त्यावरच्या टीव्हीसमोर गर्दी लोटली आणि जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीचं युग सुरू झालं. नोव्हेंबरात मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकी कुस्तीगीर आपल्या सहकारी स्त्रियांना घेऊन जपानला आली, आणि त्या दौऱ्यातून तिथल्या स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीने मूळ धरलं. एकाच वर्षी एका देशात हे दार बंद होत होतं आणि दुसऱ्यात उघडत होतं. योगायोगच. त्यावर जास्त भार टाकू नये, हे मला कळतं. पण पुढची सत्तर वर्षं शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत, एवढं निमित्त त्याने नक्की दिलं.

जपानी कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. हे तिथे कोणी फार लपवत नाही, आणि प्रेक्षक त्यासाठी भांडत नाहीत. आपल्या भाषेत ती नुराच. पण या नुरा कुस्तीत मार खरा असतो. कोपराचा तडाखा जबड्यावर बसतो, तळव्याच्या कडेचा फटका छातीवर बसतो आणि त्याचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ऐकू जातो. लाथ छातीवर, मांडीवर, कधी डोक्यावर. प्रतिस्पर्धीला उचलून मागे टाकतात तेव्हा ती मानेवर आणि खांद्यांवर पडते. अशा सामन्यांत एक हमखास प्रसंग येतो. दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि आळीपाळीने एकमेकींना कोपर मारतात. जिची पाळी मार खाण्याची, ती हात खाली सोडून जबडा पुढे करते. मारणारीपेक्षा खाणारीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. शिकाऊ मुलींचे सुरुवातीचे महिने जातात ते पडायला शिकण्यात. त्याला ते 'उकेमी' म्हणतात, म्हणजे अंगावर घेणं.

आपल्या मातीत ठोसा नाही, लाथ नाही. मारलं तर पंच कुस्ती सोडवतो. त्यामुळे मराठी डोळ्यांना प्रथमदर्शनी यात 'डाव' दिसत नाही, नुसती मारामारी दिसते. मलाही तसंच वाटलं होतं. दुसरा फरक बारीक आहे, पण माझ्या मते महत्त्वाचा. आपल्याकडे पाठ मातीला लागली की चितपट, संपलं. तिथे पाठ टेकल्यावर पंच तीन आकडे मोजतो, आणि अडीच झाल्यावर खालची मुलगी खांदा उचलते. पुन्हा मार, पुन्हा पाठ, पुन्हा अडीच. सगळं नाट्य त्या उरलेल्या अर्ध्या आकड्यात राहतं. कोण जिंकतं यापेक्षा कोण अजून उठते आहे, हे तिथे पाहायचं असतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात रंगभूमीवरच्या शस्त्रप्रहारांविषयी स्पष्ट दंडक आहे : नटाने नटाला खरोखर भोसकू नये, कापू नये, रक्त काढू नये, प्रहार अभिनयानेच दाखवावा. आपली सारी नाट्यपरंपरा, तमाशाच्या वगापर्यंत, या दंडकावर उभी आहे. कथा खोटी, मारही खोटा, आणि त्यातून उपजणारा रस तेवढा खरा. खेळात याच्या उलट असतं : निकाल खरा, मारही खरा. जपानी स्त्रियांनी तिसरीच वाट काढली. कथा ठरलेली आणि मार खरा. भरताने जे निक्षून मना केलं तेच इथे कलेचं साधन झालं. रोलाँ बार्थने १९५७ च्या आपल्या पुस्तकात फ्रेंच कुस्तीवर लिहिताना म्हटलं होतं, की हा खेळ नसून देखावा आहे आणि लढत ठरलेली असली तरी प्रेक्षकाला फिकीर नसते, कारण त्याला वेदनेचं चिन्ह पाहायचं असतं. मर्मग्राही निबंध आहे. पण बार्थच्या आखाड्यात वेदना हे नुसतं चिन्ह असतं. ती कोणाला होते आहे की नाही, हा प्रश्न तो बाजूला ठेवू शकतो. या सामन्यांसमोर बसलं की तो बाजूला ठेवता येत नाही. चिन्हाला सूज येते.

दोन सामने सांगतो.

पहिला २८ ऑगस्ट १९८५ चा, ओसाकाच्या सभागृहातला. १९६८ साली स्थापन झालेल्या 'ऑल जपान विमेन्स' या संस्थेचा तो सुवर्णकाळ होता. तिच्या मुलींवर दारू, तंबाखू आणि पुरुष या तिन्हींची बंदी होती आणि पंचविशीत निवृत्त व्हायचा रिवाज होता. (ज्यांच्या जिवावर धंदा चालतो त्यांना वेळेत घरी पाठवण्याची सोय, आपल्याला ती ओळखीची वाटावी.) एका बाजूला चिगुसा नागायो, शाळकरी मुलींची लाडकी. दुसऱ्या बाजूला डम्प मात्सुमोतो, तोंडाला रंग फासलेली, साखळ्या घेऊन येणारी खलनायिका. अट अशी की हरेल तिचं मुंडण. पंचही डम्पचा पक्षपाती. चिगुसा रक्तबंबाळ होऊन हरली आणि भर रिंगणात तिचे केस कापले गेले. सभागृहात बहुसंख्य प्रेक्षक शाळकरी मुली होत्या, आणि त्या हमसून हमसून रडत होत्या.

हे चित्रण पहिल्यांदा पाहताना मला जपान आठवलाच नाही. चारचौघांत एका स्त्रीचं डोकं भादरलं जातं आहे, ते मराठी माणसाने पाहिल्यावर त्याला केशवपनच आठवणार. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांची डोकी भादरणार नाही म्हणून संप केला होता. त्या इतिहासातून आलेल्या डोळ्यांना ओसाकातला तो वस्तरा निव्वळ नाटकातला वस्तरा वाटू शकत नाही. मी व्हिडिओ बंद केला होता. पण पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चिगुसा जिंकली आणि मुंडण डम्पचं झालं, हे कळल्यावर पुन्हा लावला. विधवेला परतीची कुस्ती कधी मिळाली नव्हती. इथे अवमानाचा विधी दोन मैत्रिणींनी आपसांत ठरवला होता (खऱ्या आयुष्यात त्या एकाच तुकडीतल्या), दोघींनी तो आपापल्या डोक्यावर घेतला, आणि समोर रडणाऱ्या मुलींना त्यात आपला घरचा, शाळेतला, न सांगता येणारा अवमान दिसला असावा. केस कोणाचे, हे कापणाऱ्याने ठरवलं नव्हतं. माझ्या मते फरक तिथे पडतो. २०२४ साली नेटफ्लिक्सवर डम्पच्या आयुष्यावर मालिका आली, तिच्यात हा प्रसंग करताना चिगुसाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने खरोखर डोकं भादरून घेतलं. नाटकाच्या नाटकातही त्यांना टोप चालला नाही.

दुसरा सामना २ एप्रिल १९९३ चा, योकोहामाचा : अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबू कांदोरी. या सामन्याइतकी चांगली वीरकथा मी गेल्या काही वर्षांत वाचली नाही. कांदोरी ही ज्युदोतली खरी खेळाडू, १९८४ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेली. १९८७ साली एका सामन्यात तिने ठरलेलं सोडून प्रतिस्पर्धीला खरोखर झोडपलं होतं, हे प्रेक्षकांना माहीत होतं. होकुतोबद्दलही काही माहीत होतं : त्याच १९८७ साली मान मोडलेली असताना तिने दोन्ही हातांनी डोकं धरून सामना पुरा केला होता. म्हणजे एक ठरलेलं मोडू शकणारी, आणि दुसरी मोडून गेल्यावरही ठरलेलं पाळणारी. सुमारे अर्धा तास तो सामना चालला. होकुतोचा खांदा पिरगाळला गेला, डोकं टेबलावर आदळून कपाळ फुटलं, चेहरा रक्ताने माखला. शेवटी दोघींनी एकाच क्षणी एकमेकींना ठोसा मारला, दोघी कोसळल्या, आणि होकुतो सरपटत जाऊन कांदोरीच्या अंगावर पडली. एक, दोन, तीन.

निकाल ठरलेला होता. पण पाहताना सतत वाटत राहतं, की कांदोरीने मनात आणलं तर ती हा निकाल कुठल्याही क्षणी मोडील. ती मोडत नाही. या सामन्याचं सौंदर्य मला मारात दिसत नाही. ते त्या न मोडण्यात आहे. ज्या हाताला हाड मोडता येतं त्या हाताने किती मोडायचं ते सांभाळलं आहे, आणि जिचं हाड मोडू शकतं तिने ते त्या हातात दिलं आहे. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला जोर करवताना जो विश्वास लागतो तसलाच हा, फक्त हजारो लोकांसमोर.

आणि म्हणूनच या शैलीचं सरसकट कौतुक मला करवत नाही. मार खरा असला पाहिजे, ही मागणी एकदा मान्य केली की ती थांबत नाही. १५ ऑगस्ट १९९७ रोजी हिरोशिमात लढताना प्लम मारिको कोसळली आणि दुसऱ्या दिवशी वारली. ती २९ वर्षांची होती, आणि डोक्याला आधीही मार बसलेले होते. १९९९ साली एमिको कादो ही नवखी मुलगी अशीच गेली. २२ फेब्रुवारी २०१५ रोजी तोक्योत योशिकोने आक्त यासुकावाला ठरलेल्याबाहेर ठोसे मारले, तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. सामना थांबवावा लागला. त्या सामन्यात मार सगळ्यांत खरा होता, आणि कलेच्या दृष्टीने तो सगळ्यांत निकृष्ट. हे दोन्ही एकदम म्हणता येत नसेल, तर या शैलीवर बोलण्यात अर्थ नाही. आंतरजालावर त्या चेहऱ्याची छायाचित्रं 'बघा, खोटं नव्हे' अशा थाटात फिरली. कोल्हापूरचे दगड आणि ही छायाचित्रं यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे कडेला उभं राहून पुरावा मागणारेच आहेत.

१९८५ च्या ओसाकात मात्र पुरावा मागणारे नव्हते. रडणाऱ्या मुलींना निकाल ठरलेला होता की नाही याची पर्वा नव्हती, कारण मार कसला असतो हे त्यांना माहीत होतं. हमीदा बानूंच्या आखाड्याभोवती असा प्रेक्षक उभाच नव्हता. तिथे सगळे पुरुष होते, आणि बाईच्या हातून पुरुषाची पाठ लागते तेव्हा ती त्या प्रत्येकाची लागत होती. पुढे युरोपला जाऊन लढायचा बेत त्यांनी केला, तेव्हा त्यांच्या वस्तादाने त्यांचे हात मोडले, असं त्यांच्या नातवाने सांगितलं आहे. त्या कल्याणला राहिल्या, दूध विकलं, शेवटी शेवटी रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. त्या मोडलेल्या हातांबद्दल कोणी खरं का खोटं विचारलं नाही.

बायकांच्या भांडणाला बायकाच प्रेक्षक, ही गोष्ट आपल्याला अगदीच अपरिचित नाही. खानदेशात आखाजीला गौराई बोळवताना दोन गावच्या बाया नदीवर समोरासमोर येऊन बार खेळत. शिव्यांची लाखोली, कधी दगडही. ठरलेलं भांडण, खरे शब्द. माझी आजी सांगायची, की वर्षभर सासरी गिळलेलं त्या दिवशी पलीकडच्या काठावर फेकायचं. पलीकडची बाई ते आपल्याला लागलं असं दाखवायची, आणि मग स्वतःचं फेकायची. 'उकेमी'चा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ही पलीकडच्या काठावरची बाई आठवली.

'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून दिला जातो. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. मधली बासष्ट वर्षं. कल्याणचं नाव वाचून मला उगाच हमीदा बानू आठवल्या. हा खेळाचा विजय आहे, मॅटवरचा, गुणांचा; त्याचा जपानी रिंगणाशी संबंध नाही, आणि कोणी नुरा म्हणायचं धाडस केलं नाही, हे मला बरं वाटलं. पण आपल्या यात्रांतल्या मातीवर, जिथे खेळ आणि तमाशा यांच्यामधली कनात कायम अर्धी उघडी असते, तिथे तो प्रश्न अजून आहे.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना काहीच उत्तर दिलं नाही. बारा-तेरा मिनिटांनी ओठ फुटलेल्या मुलीने दुसरीला एकलंगीवर घेतली, खांदे मातीला लागले, ढोल वाजला. गच्चीवरच्या बायकांतून एकीने शिट्टी घातली, आणि कडं केलेले पुरुष वळून वर बघायला लागले. इनामाच्या नोटा घेऊन जिंकलेली मुलगी पाण्याच्या टाकीकडे गेली. हरलेली तिथे आधीच बसली होती, उजवा खांदा धरून. हिने तांब्या भरला, आधी तिच्या खांद्यावर ओतला आणि विचारलं, "जास्त लागनं का वं?" तिने मान हलवली, हो की नाही, ते मला लांबून कळलं नाही. मग उरलेल्या पाण्याने हिने आपला ओठ धुतला.